इंदुलेचं कुळ

एका राज्यात रंगवेडा राजा होता. त्याने रानोमाळची झाडं उपटून आणवली आणि रंगारंगाने ताटवे लावले. लाल लालांत, पिवळी पिवळ्यांत. सख्खी दुरावली, परकी शेजारी आली.

वनातली चेटकीण दरबारी आली. म्हणाली, "राजा, तू कुळं मोडलीस. आता तुझ्या राज्यात फुलं फुलतील, फळ धरणार नाही."

धाकटी राजकन्या इंदुला बापाला वाचवायला पुढे आडवी उभी राहिली. शाप आधी तिला लागला. तिचं वीतभर रोप झालं. त्यावर एकच पांढरं फूल.

थोरली अवंती दूरदेशी झाडांची विद्या शिकत होती. ती परतली, तेव्हा कणसांत दाणा नव्हता.

"तीन फुलांची कुळं सांग. शाप उतरेल," चेटकीण म्हणाली.

तिच्या खांद्यावरचा भारद्वाज हसला. "रंग पाहूनच सांगणार ना, बाईसाहेब? तुमच्या घराण्याची रीतच ती!"

अवंतीने जास्वंद उलगडली. केसरांची एकच नळी झाली होती. "ही भेंडीची, कापसाची बहीण."

मग धोतरा आला. "विष आहे हो," भारद्वाज म्हणाला.

"असेना. पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या, आणि फळ धरलं की त्याच्या बुडाशी फुलाचं हिरवं वेष्टन उरतं. हा वांग्याचा भाऊ."

तिसरं फूल इंदुलेचं. अवंतीने पाकळ्या पाहिल्या, केसर पाहिले. कोणत्याच कुळात ते बसेना.

"हे कुळ नवं आहे," ती म्हणाली. "मी त्याला नाव देते."

"साक्षीला काय ठेवशील?" चेटकिणीने विचारलं. "नवं नाव टिकायला त्या झाडाचा वाळवलेला नमुना जपून ठेवावा लागतो. तुझ्याच विद्येचा नियम."

अवंतीचे हात थांबले. तसं झाड जगात एकच होतं.

"मी हिला माणूस करायला आले होते."

रोप हललं. "ताई, लोक उपाशी आहेत ना?"

"हो गं."

"मग रडतेस काय? मुळासकट घे. अर्धवट नमुना ठेवू नये, तूच सांगायचीस."

अवंतीने रोप मुळासकट उचललं, दोन फळ्यांत दाबलं, वाळवलं. नाव ठेवलं इंदुलाकुळ.

त्या क्षणी शाप तुटला. शेतांत दाणा भरला. राजाने ताटवे मोडले आणि प्रत्येक झाड आपल्या कुळात नेऊन लावलं.

फुलांना सगे मिळाले, लोकांना घास मिळाला. अवंतीला मात्र ताई म्हणणारं कोणी उरलं नाही.