वळवळ्या आणि रांजणाची भिंत

पूर्वी एका रांजणातल्या पाण्यात वळवळ्या नावाचा, डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव राहायचा. मोकळ्या पाण्यात तो शेपटी हलवत सरळ पोहायचा. पण भिंतीजवळ आला, की गोल गोल फिरत तिथेच अडकायचा. आज तर भुकेने तो कासावीस झाला होता.

"भवाने, तूच मला ओढतेस!" तो भिंतीवर खेकसला.

"मी जागची हलतही नाही रे," भिंत म्हणाली. "तू ढकललेलं पाणी माझ्यावर आपटून तुलाच वळवतं. जरा शेपटी थांबव, आपसूक दूर जाशील."

"म्हणजे आयताच तुझ्या तावडीत सापडेन!" त्याने शेपटी आणखी जोरात हलवली.

तेवढ्यात शेजारी फिरणारी त्याची म्हातारी मावशी दमून थांबली आणि अलगद मोकळ्या पाण्याकडे वाहत गेली.

"मावशीलाही फितवलंय हिने," वळवळ्या पुटपुटला आणि पुढची फेरी मारू लागला.