प्रार्थनेचा विषय

चर्चमध्ये पाळक उजगरे उपदेशाला उभे राहिले की लोक पेंगत; पण बुधवारच्या घरसभेत मंडळीचे पंच हिवाळे प्रार्थनेचे विषय सांगू लागले, की सगळे कान टवकारून बसत. कोणाची सून रुसून माहेरी गेली, कोण कुठे पिऊन पडला, सगळं अगदी तपशीलवार. कोणी हटकलंच तर हिवाळे मान लववून म्हणत, "या उखाळ्यापाखाळ्या नव्हेत. मी प्रार्थनेसाठीच सांगतो."

त्या बुधवारी रंगारी गुरुजी सभेला आले नव्हते, म्हणून विषय त्यांचाच निघाला. गुरुजींच्या घरात महिनाभर नवराबायकोचा अबोला आहे, असं हिवाळ्यांनी हळू आवाजात सांगितलं.

"कशावरून?"

हा प्रश्न खुद्द पाळकांच्याच तोंडून निसटला. हातातल्या चहावर साय धरली होती, इतके ते ऐकण्यात गुंग झाले होते. आता पंचांना बोल लावायचा तरी कोणत्या तोंडाने? त्यांनी कप खाली ठेवला.

"पंच, विषय फार जड आहे. पुढच्या बुधवारची सभा गुरुजींच्याच घरी ठेवू. तुम्ही आता सांगितलंत तसंच तिथे त्या दोघांसमोर सांगा. 'कशावरून' हे मी विचारीन. मग सगळे मिळून प्रार्थना करू."

हिवाळे बराच वेळ पवित्र शास्त्राची पानं चाळत राहिले.

"तसं नको," ते शेवटी म्हणाले. "या वेळी माझ्या गुडघ्यांसाठी प्रार्थना करा. फार दुखतात."

"करू की," पाळक म्हणाले. "आणि जोडीला माझ्या कानांसाठीही करा. त्यांचं दुखणं जुनं आहे."