शिंकणारी परी आणि वाटीभर दूध

निळ्या नदीच्या वळणावर, जिथे सकाळचं ऊन सगळ्यांत आधी उतरतं, तिथे झुळझुळपूर नावाचं इवलंसं नगर होतं. नगराच्या टोकाला सगूचं घर होतं, इवलंसंच, आणि त्याच्या छपराला भोकंच भोकं. पडल्या पडल्या चांदण्या दिसायच्या, म्हणून सगूला ते फार आवडायचं. पण पोटात कावळे ओरडायला लागले की चांदण्या काही खाता येत नाहीत! आई तापानं अंथरुणाला खिळलेली, घासभरही नको म्हणणारी. पाळण्यात टिल्लू, सगूचा तान्हा भाऊ. सगू मोगऱ्याचे गजरे विकायची आणि गणूमामा गवळ्याकडून टिल्लूसाठी वाटीभर दूध आणायची.

झुळझुळपुराची एक रीत होती. देणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. कोणाची ऐपत किती, हे चारचौघांत उघडं पडत नसे. सगूची चिमुकली बोटं हातात आली की गणूमामा हसायचा आणि तिला परवडेल त्या भावात दूध द्यायचा.

मग नगरात खवेशेठ आले. त्यांचं पोट इतकं मोठं, की आधी पोट दुकानात शिरायचं आणि मागून शेठ. त्यांनी मिठाईचं दुकान थाटलं आणि दामदुप्पट भाव देऊन सगळं दूध उचललं.

"मी तरी काय करू, पोरी?" गणूमामा मान खाली घालून म्हणाला. "माझ्या घरी बी खाणारी तोंडं हायेत."

टिल्लूला पेज पाजावी लागली. त्याचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं. मोठ्यानं रडणाऱ्या बाळाची काळजी वाटत नाही हो, गप्प पडणाऱ्या बाळाची वाटते.

पहाटे ती मोगऱ्याच्या बागेत गेली, तेव्हा एका कळीतून आवाज आला, "आ... आ... आक्छी!"

शिंकेबरोबर सोनेरी, गुलाबी, जांभळ्या ठिणग्या उडाल्या. कोळ्याच्या जाळ्यात अंगठ्याएवढी परी अडकली होती. तिचे झिरझिरीत पंख दवानं चिंब झाले होते आणि नाकाचा शेंडा लालचुटूक झाला होता. सगूनं अलगद जाळं सोडवलं आणि परकराच्या टोकानं पंख टिपले.

"फुलांची परी आहे मी," परी नाक पुसत म्हणाली, "पण मला फुलांचा वासच सोसत नाही. तू फार गुणाची आहेस गं. तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं! मागायचं ते सगळ्या नगरासाठी, स्वतःपुरतं काहीच नाही. आणि दिलेली इच्छा परत घेता येत नाही. फार तर पुढच्या इच्छेनं सावरून घ्यायची."

सगूनं क्षणभरही विचार केला नाही. "परीताई, सगळ्यांना दूध स्वस्त मिळू दे!"

परी राजवाड्याच्या दिशेनं शिंकली. तिकडे हुकूमराजे महाराज झोपेतून ताडकन उठून बसले. महाराज मनाचे लोण्यासारखे मऊ, पण हुकूम काढल्याशिवाय त्यांना न्याहारी गोड लागत नसे. "दूध लोटाभर, किंमत एक कवडी!" दवंडी पिटली गेली. "भाव आम्ही ठरवला, आता उपरणी हवीत कशाला? जप्त करा!"

बाजारात ही रांग लागली! दूध मोजायला एक अंमलदार आला. तो नीट मोजतो का, हे बघायला दुसरा. दूध खरंच दूध आहे का, हे चाखायला तिसरा. त्या तिघांवर देखरेख करायला एक जाड्या मिशांचा अंमलदार, त्याला चाखल्याशिवाय काही दिसतच नसे. सगूचा नंबर आला, तेव्हा चरवीत थेंब नव्हता.

"दूध कुठे गेलं?" तिनं विचारलं.

"तपासणीत," अंमलदार मिशीवरची साय पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गणूमामा आलाच नाही. सगू त्याच्या गोठ्यावर गेली, तर गाई रिकाम्या गव्हाणी चाटत होत्या. "कवडीत पेंडीची काडी बी येत न्हाई," तो म्हणाला. "उपाशी गाय दूध कुठून देणार? सांग की महाराजांना."

सगू धावत बागेत गेली. "परीताई, चुकलं! कोणी कोणाला हुकूम करू नये. ज्यानं त्यानं आपल्या मनाप्रमाणे करावं!"

"आक्छी!" परी शिंकली.

महाराजांनी सगळे अंमलदार घरी धाडले, मुकुट खुंटीला अडकवला आणि ते पतंग उडवायला गेले. वजनं तपासणारासुद्धा गेला. मग काय विचारता! दूध बाजारात परत आलं, पण खवेशेठनी एका दमात सगळं उचललं आणि पाटी लावली, 'सांगितला तो भाव. उपरणं चालणार नाही.' लोटा इतका आक्रसत गेला, की तो लोटा की शिंप्याचं अंगुस्तान, हे कळेना. वडाखाली बसायचे पैसे, पुलावरून जायचे पैसे. न्हाव्यानं एका बाजूची मिशी कापली आणि दुसऱ्या बाजूचा भाव वाढवला!

टिल्लू आता रडतही नव्हता. नुसता टुकूटुकू बघत होता. सगू त्याला उराशी धरून ढसाढसा रडली. एकच इच्छा उरली होती. यापुढे चूक झाली, तर सावरायला काही नव्हतं.

ती बाजाराच्या कडेला बसून विचार करू लागली. महाराजांनी भाव ठरवला, तेव्हा गणूमामाला कोणी विचारलं नाही. शेठनी ठरवला, तेव्हा तिला कोणी विचारलं नाही. आणि दोघांनी भाव ठरवताना आधी उपरणंच काढून घेतलं होतं!

"परीताई," ती बागेत जाऊन हळूच म्हणाली, "उपरणी परत येऊ देत. आणि त्याखाली हात गेला, की एकाला दुसऱ्याच्या पोटातलं कळू दे."

परी इतक्या जोरात शिंकली, की बागेतला सगळा मोगरा एकदम फुलला.

बाजारात जिकडेतिकडे उपरणी उगवली. लाल, पिवळी, मोरपंखी! सगूनं एका उपरण्याखालून खवेशेठपुढे हात केला. "शेठकाका, वाटीभर दूध द्याल?"

"सांगितला तो..." म्हणत शेठनी तिचा हात बाजूला सारायला उपरण्याखाली हात घातला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. त्यांच्या त्या भल्यामोठ्या पोटात सगूची भूक शिरली. "अगं आई गं! केवढी ही आग! पोरी, तू जेवली कधी होतीस?"

सगूलाही शेठच्या पोटातलं कळलं. तिथे धाकधूक होती. दूध मिळालं नाही तर दुकान बंद पडेल आणि पुन्हा लहानपणासारखं उपाशी झोपावं लागेल. तिला शेठची दया आली. "घाबरू नका हं, काका," ती म्हणाली.

तिकडे पतंग सोडून आलेल्या महाराजांनी गणूमामाच्या उपरण्याखाली हात घातला, तर गणूमामाच्या पोटात सलणारी गाईची भूकच त्यांच्या पोटात! ते कडब्याकडे आशेनं बघू लागले, तशी राणीसाहेबांनी त्यांना मागे ओढलं.

मग वडाखाली बसून सगळे बोलले, भांडले, पुन्हा बोलले. भाव ज्याचा त्यानं उपरण्याखाली ठरवावा. माप आणि वजन मात्र महाराजांनी तपासावं, न चाखता. आणि घरोघरच्या तान्ह्यांचं दूध आधी बाजूला निघावं. त्याचे दाम गणूमामा मागेल ते, राजवाड्यानं द्यावेत. महाराज खूश झाले. "आजपासून सगळ्यांनी आनंदी राहावं, असा हुकूम..."

"महाराज, राहू द्या ना," सगू गोड आवाजात म्हणाली.

पहिली वाटी खुद्द खवेशेठ घेऊन पळत आले, अर्धी धोतरावर सांडत. टिल्लू घटाघटा दूध प्याला, त्यानं ढेकर दिली आणि असं काही भोकाड पसरलं, की वडावरचे पोपट उडाले. सगूनं इतकं सुंदर रडणं कधी ऐकलं नव्हतं. शेठनी तिला एक पेढा दिला. तिनं तो तसाच बागेत नेला आणि अर्धा परीपुढे धरला.

"पऱ्या खात नाहीत," परी म्हणाली आणि तिनं खाऊन टाकला. मग तिनं विचारलं, "सगू, तुला आणखी काहीतरी हवं होतं ना? पहिल्या दिवसापासून?"

सगूनं मान खाली घातली. "ते माझ्यापुरतं होतं. नियम आहे ना."

"मागायचं नाही, असा नियम आहे," परी हसली. "द्यायचं नाही, असा कुठे आहे?"

ती शेवटचं शिंकली. सोनेरी, रुपेरी, केशरी उजेडानं बाग भरून गेली. उजेड ओसरला, तेव्हा कळीवर फक्त दव होतं. सगू घराकडे पळत सुटली. दारातूनच तिला आईचा आवाज ऐकू आला.

"सगू, भूक लागलीय गं मला. काय आहे खायला?"