गोवर्धनाखालची मुलगी

सिंदफणेच्या काठी, नांदरखेड नावाच्या गावी निरामयनाथ महाराज चातुर्मासासाठी उतरले होते. त्यांच्या दर्शनाला मैनाक्का चितारीण रोज येई आणि देवळाच्या पायरीखाली, वहाणांच्या रांगेशेजारी बसे. तिच्या बोटांच्या पेरांत हिंगुळाचा लाल रंग कायमचा मुरला होता. गावच्या दामोदरशास्त्र्यांच्या हरिकथेच्या नव्या पोथीतली सारी चित्रे तिनेच काढली होती. जुन्नरी कागद, खारीच्या केसांचा कुंचला, सोन्याच्या वर्खाच्या वेलपट्ट्या; दोन वर्षे तिने आपले डोळे त्या पानांत ओतले. पण पोथी शास्त्र्यांची!

त्या पोथीतल्या एका पानावर, गोवर्धनाखाली उभ्या असलेल्या गोकुळात, डाव्या हातातल्या काठीने डोंगराला टेकू देणारी एक मुलगी होती. ती मैनाक्काची लेक. सातव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली. साऱ्या पृथ्वीवर तिचा चेहरा आता त्या एकाच जागी उरला होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

पारायणाच्या सकाळी देवळाच्या मंडपात महाराज येऊन बसले होते. पोथी चाळताना शास्त्र्यांनी ती मुलगी ओळखली.

"काय गं ए, ही डावखुरी कोण? तुझीच ना, आमच्या ओट्याखाली रंगाच्या वाट्या घेऊन बसायची ती?"

"होय जी. देवाच्या आसऱ्याला उभी केली."

"चितारणीची पोर गोकुळात! उद्या म्हणशील, देवाला लोणीही हिनेच चारलं!"

मंडपात हसू पसरले. शास्त्र्यांनी शेजारची हरताळाची वाटी ओढली. लिहिताना अक्षर चुकले, की त्यावर हा पिवळा लेप देतात.

"शास्त्रीबुवा, नका हो! बाकी सगळं पुसा, तेवढी ठेवा!"

"चूक होती, दुरुस्त केली," शास्त्री म्हणाले. कुंचला त्या चेहऱ्यावरून फिरलाही होता.

काय म्हणावे या पांडित्याला! मरणाने एकदा नेलेले लेकरू माणसाने पुन्हा नेले, आणि तेही देवाच्या डोळ्यांदेखत! मैनाक्का रडली नाही. ती पायऱ्या चढून थेट महाराजांपुढे उभी राहिली. ती रागाने म्हणाली,

"महाराज, पोर गेली तेव्हा मी देवाला एका शब्दाने बोलले नाही. आज विचारते. त्यानं तो डोंगर उचलला कुणासाठी?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "माय, ज्याला विचारलंस, त्यालाच उत्तर देऊ दे. शास्त्रीबुवा, वाचा."

शास्त्र्यांनी पहिले पान हाती घेतले आणि ते थबकले. पान पिवळे. दुसरे पिवळे. ओळी, वेली, सोने, खुद्द देव, साऱ्यांवर हरताळ! ते पानामागून पान उलटत गेले. गोवर्धनाच्या पानावर, त्या पिवळ्या ओसाडीत, एकटी तीच मुलगी उभी होती, डावा हात उंचावून.

"पाठ म्हणा की, बुवा!" मंडपातून कुणीतरी ओरडले.

शास्त्र्यांना पाठ नव्हते. वीस वर्षे ते नुसते वाचत आले होते.

"महाराज, हे काय झालं?"

"हरताळ चुकीवरच देतात ना?" महाराज म्हणाले. "आसऱ्याला आलेलं लेकरू हाकलल्यावर या कथेत बरोबर असं उरलंच काय!"

शास्त्री महाराजांच्या चरणांकडे वाकले, तोच महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही." शास्त्री मैनाक्काकडे वळले. तीही बाजूला झाली.

"माझ्या पाया पडून काय होणार? माझी लेक रोज तुमच्या ओट्याखाली बसायची. तिचं नाव तरी ठाऊक आहे तुम्हाला?"

शास्त्र्यांनी त्या पोरीला 'ए' यापलीकडे कधी हाक मारली नव्हती.

"सांग, बाई," ते म्हणाले.

"भिवरा."

भरल्या मंडपात दामोदरशास्त्री त्या पानासमोर आडवे झाले. "भिवरे," ते म्हणाले, "मला क्षमा कर गं, पोरी." पानापानांवर काळी शाई ओळीओळीने परत येत होती. लोक पुढे सरून पाहत होते. शास्त्र्यांनी मात्र मान वर केली नाही.