चुनाभट्टीचा धूर

किनाऱ्यावर अजून प्राण्यांचीच पंचायत बसायची, तेव्हाची गोष्ट. खेकड्याला शिंपले जाळून चुना करायची भट्टी घालायची होती. पंचांनी पाण्याचं विचारलं, बिळांचं विचारलं. खेकड्याने सगळ्यांचं समाधान केलं.

“आणि धूर?” कासवीण आजीने विचारलं.

“तो काय, वर निघून जातो, आजी.”

“जात नाही रे बाळा. आभाळावर पांघरुणासारखा साचतो नि खाली वाळू तापते. तापल्या वाळूत माझ्या अंड्यांतून सगळ्या मुलीच निघतात. मुली लाडक्याच आहेत माझ्या. पण उद्या त्यांनी जोडीदार कुठून आणायचे?”

खेकड्याने नांगीने वाळू उकरून पाहिली. भट्टी पेटायच्या आधीच, नुसत्या उन्हाने, खालची वाळूही पोळत होती.

मग भट्टी पेटवायला आणलेल्या सुक्या झावळ्या त्याने एकेक करून आजीच्या अंड्यांवर सावलीला अंथरल्या.