निरोगी गुलाब

"पानावर एकही ठिपका नाही, बाबा. आता आणखी काय पाहायचं राहिलं?"

चिंतामणच्या आवाजात घाई होती. सभामंडपात विश्वस्त येऊन बसले होते. हार आले होते, फोटोग्राफर आला होता. बोरखडी मठाची गादी अकरा वाजता चिंतामणकडे जायची होती. रेवणबाबांनी आपल्या खांद्यावरचं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकायचं, एवढंच बाकी होतं.

बाबा चार वर्षांचा एकांत संपवून आदल्या दिवशी डोंगरावरून उतरले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते मंडपाकडे फिरकलेच नाहीत. काठी टेकत बागेत आले आणि एका गुलाबाशी मांडी घालून बसले.

हा गुलाब बाबांच्या गुरूंचा. रानगुलाबाच्या खुंटावर त्यांनी स्वतःच्या हाताने त्याचा डोळा भरून कलम केलं होतं. काळसर लाल फूल यायचं. त्याचं दुसरं रोप कुठेच नव्हतं. एकांतात जाताना बाबा एवढंच म्हणाले होते, "हे झाड जो राखील, गादी त्याची."

"आजारी कधी पडलं?" बाबांनी विचारलं.

"आपण गेल्यावर वर्षभरात. पानांवर काळे ठिपके, मग पानगळ. शेंडे वरून खाली वाळत आले."

"मग?"

"मी सोडलं नाही. गंधक मारलं, बोर्डोचं औषध मारलं. शेवटी मन घट्ट केलं. रोगट फांदी दिसली की कापली. निरोगी तेवढी ठेवली."

"रोगट सगळी कापलीस?"

"एकही शिल्लक ठेवली नाही."

"हं... ठिपके कशाने आले?"

"हवाच बिघडलीय हल्ली, बाबा."

"पाणी कसं घालतोस?"

चिंतामणचा चेहरा उजळला. "आता झारी नाही. कारंजी बसवलीत. संध्याकाळी आरतीला पाहुणे येतात, तेव्हा सोडतो. दिव्यांच्या उजेडात असं दिसतं म्हणता..."

"आणि रात्रभर पानं ओली."

चिंतामणने कारंज्यांकडे पाहिलं.

"तानूबाईने सांगितलं नाही तुला?"

तानूबाई मठाची माळीण. बाबांच्या गुरूंच्या वेळेपासून बाग तिच्याकडे होती.

"सांगितलं ना! देणगीदारांसमोर सांगितलं. म्हणे, 'म्हाराज, झाडाला मुळाशी पाजा. तोंडावर पानी फीट आलेल्याच्या मारत्यात.' लोक हसले, बाबा. संस्थेला शिस्त म्हणून काही असते की नाही?"

"मग काय केलंस?"

"घरी बसवलं."

"परत आली नाही?"

"दोनदा आली. फाटकावरूनच परत पाठवली."

"काय सांगत होती?"

"माहीत नाही."

"ऐकलंस का?"

"कामात होतो."

बाबांनी हात पुढे केला. एक कोवळी फांदी चाचपली. एक पान बोटांत धरलं आणि त्याच्या देठावरच्या छोट्या पानांवरून अंगठा फिरवला.

"पाच... सहा... सात."

"भरगच्च आहे," चिंतामण म्हणाला. "पूर्वी पाचच असायची. आणि हात लावून बघा, काटेसुद्धा जवळपास गेलेत."

"कशाने गेले?"

"सेवेने, बाबा. दुसरं काय?"

"फूल?"

"अजून नाही."

"शेजारच्या ताटव्याचा वास येतोय मला. ऑक्टोबरात छाटलेला गुलाब जानेवारीत फुलतो. हा कधी फुलला होता?"

"दोन वर्षं झाली... पण सगळी ताकद पालवीत जातेय. या वर्षी नक्की येईल."

बाबा वाकले. त्यांनी बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली. मुठीएवढी एक गाठ लागली. खुंटावर डोळा भरला होता ती जागा. त्यांनी चिंतामणचं मनगट धरलं, त्याला खाली ओढलं आणि त्याचं बोट गाठीच्या वर ठेवलं.

वर कापलेल्या फांद्यांची वाळलेली, रंग फासलेली थोटकं होती. बोट लावताच एक मोडून हातात आलं.

मग बाबांनी तेच बोट गाठीच्या खाली नेलं. सगळ्या हिरव्या फांद्या तिथून निघाल्या होत्या. खुंटातून. दर महिन्याला काढून टाकायचे ते फुटवे. बागेत कुणाही नव्या माळ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते काम.

चिंतामण उकिडवा बसून बोटाने ते फुटवे चाचपत राहिला. सोवळ्याच्या रेशमी काठाला माती लागली. त्याचं लक्ष गेलं नाही.

"म्हणजे हा..."

"रानगुलाब. त्याचा दोष नाही. तो आपल्या स्वभावाने वाढला. बरा वाढला."

"मी रोज दोन तास या झाडाची सेवा केलीय, बाबा!"

"कोणत्या झाडाची?"

मंडपातून लाउडस्पीकर खरखरला. एक विश्वस्त बागेच्या दाराशी येऊन घड्याळ दाखवून गेला.

बाबा म्हणाले, "चल. मंडपात आधी हे सांग. गुरूंचा गुलाब गेला, आणि कसा गेला ते."

"आज?"

"आज."

चिंतामणने मंडपाकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. मग उठून हात झटकले.

"बाबा... झाड हिरवं तर आहे. पाटीवर गुरूंचं नाव आहे. लोक नमस्कार करून जातात. त्यांना पाच पानं काय नि सात काय?"

बाबा काठी टेकत उभे राहिले.

"उगाच इतक्या लोकांची श्रद्धा मोडायची, याला काय अर्थ आहे?"

बाबांनी तत्काळ खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिथेच, मातीत उभ्या असलेल्या चिंतामणच्या खांद्यावर टाकलं.

चिंतामण चमकला. नकाराची तयारी त्याने केली होती, याची नव्हती. क्षणभराने त्याने उपरण्याच्या निऱ्या नीट केल्या. मंडप दिसेल अशा बेताने उभा राहिला.

मठाचा रिवाज असा, की उपरणं घेणाऱ्याने तेव्हाच विचारायचं, 'माझ्यामागे कुणाला देऊ?' आणि गुरूने खूण सांगायची. कसा माणूस शोधायचा, काय पाहून द्यायचं.

चिंतामणने हात जोडले.

"बाबा, माझ्यामागे कुणाला देऊ?"

बाबा काठी चाचपत फाटकाच्या दिशेने निघाले होते. ते थांबले. मागे वळले नाहीत.

"कुणालाही दे. गुरूंचं कोणतं नि रानटी कोणतं, ते ओळखणारं माणूस तू आत ठेवलेलंच नाहीस."