झिपरी खारीचं टपाल

माणसं अजून खाणाखुणांवर भागवायची आणि जनावरं पत्रं लिहायची, तेव्हाची गोष्ट. झिपरी खारीने आपल्या उंबरावर ऐटीत पाटी लावली: ‘कुठल्याही नावाने लिहा, पत्र मलाच पोचेल.’ झालं! ‘शेपूट दाट करा’, ‘तुम्हाला फणस लागला’ असल्या पत्रांनी ढोली गच्च भरली. आजारी आईचं पत्र त्यातच कुठेतरी होतं.

“जाळून टाक सगळं,” कावळा म्हणाला.

“आणि आईचं?” झिपरी रडकुंडीला आली.

खोडाखालून वाळवी म्हणाली, “अगं, लबाडांची पत्रं एकाच डिंकाने चिकटवलेली असतात. तो आम्हाला भारी आवडतो. बसू का जेवायला?”

दुपारपर्यंत एकच पत्र उरलं: ‘बरी झाले गं. ये आता.’

आजवर झिपरीने वाळवीला दिसेल तिथे झटकलं होतं. आईकडे निघताना मात्र ती वाळवीलाच म्हणाली, “बायांनो, मी येईपर्यंत घर तुमच्या हवाली!”